वॅटचा मोह आणि सुरांचा मेळ

घरासाठी संगीतसंच घेताना दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘किती वॅटचा?’ आकडा मोठा तितका आवाज मोठा, हा समज सर्वत्र रुजला आहे. त्यापायी खर्च वाढतोच. शिवाय अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचा मेळ न बसल्याने चांगला स्पीकर जळूनही जातो.

कानाचे गणित वेगळे आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजेच ५० आणि १०० वॅटमधील अंतर किमतीत मोठे, श्रवणात मात्र अल्प असते.

त्याहून महत्त्वाची असते स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारी आवाजाची पातळी. बीबीसीने स्वतःच्या कामासाठी विकसित केलेल्या ‘एलएस थ्री-फाइव्ह-ए’ या छोट्या स्पीकरची संवेदनशीलता सुमारे ८३ डेसिबल आहे, तर पॉल क्लिप्श यांच्या ‘क्लिप्शहॉर्न’ची सुमारे १०५. तेवढाच आवाज काढण्यासाठी पहिल्याला दुसऱ्याच्या जवळजवळ दीडशेपट शक्ती लागते.

सामान्य दिवाणखान्यात ८८ डेसिबलच्या स्पीकरवर शांतपणे ऐकताना एक वॅटही पुरतो. मात्र तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा उठाव क्षणभर सरासरीहून १५ ते २० डेसिबल उंच जातो. त्या क्षणाला तीस ते शंभरपट शक्ती हवी. ती राखीव शक्ती हेच वॅटचे खरे प्रयोजन होय.

राखीव शक्ती अपुरी असताना आवाज वाढवत नेला, तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. आवाज कर्कश होतो, उंच स्वरांच्या पट्ट्यात अवाजवी ऊर्जा शिरते आणि त्या स्वरांच्या लहान स्पीकरमधील नाजूक तार तापून जळते. लहान अॅम्प्लिफायरही अशा रीतीने स्पीकर बिघडवू शकतो.

दुसरी खूण ओहमची. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावल्यास भार ४ ओहमचा होतो. अॅम्प्लिफायरच्या मागे लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा भार खाली गेला, तर तो अतिरिक्त तापतो.

म्हणून खरेदीपूर्वी ‘पीएमपीओ’चा फुगवलेला आकडा बाजूला ठेवून ‘आरएमएस’ वॅट पाहावेत. स्पीकरची संवेदनशीलता व ओहम तपासावेत. मध्यम खोलीसाठी ८ ओहमवर ३० ते ६० वॅट बहुधा पुरेसे ठरतात. आवाज फाटू लागताच बटण मागे फिरवावे. त्यात कानांचेही हित आहे, कारण ८५ डेसिबलच्या पुढे दीर्घकाळ ऐकणे श्रवणशक्तीला अपायकारक असते. मेळ नीट जुळला, तर मंद आवाजातही तंबोऱ्याचा झंकार स्पष्ट उमटतो.