खंडानंतरचे आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षण : एक विवेचन

प्रस्तावना :
नेरूळ हे नवी मुंबईतील वैद्यकीय शिक्षणाचे एक प्रमुख केंद्र होय. डॉ. डी. वाय. पाटील व तेरणा ही दोन वैद्यकीय महाविद्यालये येथे आहेत. शीव-पनवेल महामार्ग आणि हार्बर रेल्वेमार्ग याच परिसरातून जातात. त्यामुळे तातडीच्या उपचारांची गरज येथे केवळ पुस्तकी नाही. विवाह, अपत्यसंगोपन, घरातील दीर्घ आजारपण अशा कारणांनी अनेक डॉक्टर व परिचारिका काही वर्षे या कार्यापासून दूर जातात आणि पुढे परततात. त्यांना ‘उजळणी’ करण्यास सांगितले जाते. हा शब्द अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उजळणी जुन्या पाठाची होते. येथे मधल्या काळात पाठच बदललेला असतो.

विषय-विवेचन :
२००४ साली सीपीआर शिकलेल्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. तिला छातीवर १५ दाब व २ श्वास हे प्रमाण शिकविले गेले. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते ३० ला २ केले. लागोपाठ तीन विद्युत्-धक्क्यांऐवजी एकच धक्का देऊन लगेच दाब सुरू करण्याची पद्धत त्याच वेळी आली. २०१० मध्ये तर क्रमच पालटला : आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण या क्रमाऐवजी छातीवरील दाब प्रथम आले. श्वास ‘पाहा, ऐका, अनुभवा’ ही पायरी गळली व हृदय पूर्ण थांबले असता ॲट्रोपिन नेमाने देणेही थांबले. २०१५ मध्ये दाबांची गती मिनिटास १०० ते १२० व प्रौढांसाठी खोली ५ ते ६ सेंटिमीटर अशी निश्चित झाली.

म्हणजेच परतणाऱ्याची अडचण दुहेरी असते. हातांचे कौशल्य वर्षांत नव्हे, काही महिन्यांतच क्षीण होऊ लागते. प्रमाणपत्र मात्र दोन वर्षे वैध असते. याउलट पाठ केलेला क्रम चिवटपणे टिकतो आणि घाईच्या क्षणी तोच जुना क्रम वर येतो. नवख्यास केवळ शिकावे लागते. यांना आधी काही पुसावे लागते. (अध्यापकांना हा अनुभव अभ्यासक्रम बदलताना येतोच.)

म्हणून अशा व्यक्तीस प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासोबत बसविणे अथवा दोन दिवसांच्या कार्यशाळेवर भागविणे, हे दोन्ही उपाय अपुरे ठरतात. प्रारंभी पुतळ्यावर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. कोणती कृती जुन्या पद्धतीने होते, हे नोंदवावे आणि त्याच कृतींवर भर द्यावा. २०२० च्या तत्त्वांनीही प्रशिक्षण लहान, विभागलेल्या सत्रांत देण्यास व नंतर पूरक सराव घडविण्यास अनुकूलता दर्शविली आहे. घर सांभाळून परतणाऱ्या स्त्रियांना अशी सत्रे सोयीची ठरतील, हा लाभ वेगळाच.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत रुग्णासोबत डॉक्टर असतो. चालत्या गाडीत बाजूच्या सहकाऱ्याने ३० दाब मोजावेत आणि परतलेल्याने १५ व्या दाबालाच श्वासासाठी थांबावे, तर जाणारे सेकंद रुग्णाचे असतात. रुग्णाची चिकित्सा, नातेवाइकांशी बोलणे, गोंधळात शांत राहणे या गोष्टी मात्र अशा व्यक्तीकडे नवख्यापेक्षा अधिक असतात. त्यांची नोंद सध्याच्या कोणत्याही कौशल्य-तक्त्यात सहसा होत नाही.