वजन सांगतं ते किती खरं?
नवजात बाळाची मोजमापं : लेखांक ६

दुधनीसारख्या सीमेवरच्या गावात अपुऱ्या दिवसांचं किंवा अगदीच किरकोळ बाळ जन्मलं की घरची माणसं एक तर अक्कलकोटवरून सोलापूर गाठतात, नाहीतर हद्द ओलांडून कलबुर्गी. कुठेही गेलं तरी बाळाला काचेत ठेवलं की पहिला प्रश्न असतो औषध आणि ग्लुकोज द्यायचं कुठून. हातापायाच्या शिरा दोऱ्याएवढ्या असतात. मग नाळच कामाला येते. कापलेल्या नाळेच्या तोंडाशी नीट पाहिलं तर तीन भोकं दिसतात : दोन बारीक, जाड भिंतीच्या धमन्या आणि एक मोठी, पातळ, सैल तोंडाची शीर. या शिरेतून मऊ नळी सरकवायची, यकृत ओलांडायचं आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या उंबरठ्यावर टोक थांबवायचं. पुढे गेलं तर ठोके बिघडतात, क्वचित हृदयाच्या आवरणात पाणीही साठतं. अलीकडे अडकलं तर औषध यकृतातच उतरतं आणि तिथे इजा करतं.

नळी किती आत घालायची हे ठरवायला सर्वाधिक वापरात आहे ते शुक्ला आणि फेरारा यांचं 1986 सालचं सूत्र. वजनाच्या किलोंना तीनने गुणा, नऊ मिळवा, ही धमनीतली खोली. तिच्या निम्म्यात एक मिळवा, ही शिरेतली. दोन किलोच्या बाळाला धमनीत 15 सेंटिमीटर, शिरेत साडेआठ. हिशेब सोपा आहे, पण गोम अशी की नळीला वजनाशी काही देणंघेणं नाही. तिला बेंबी ते हृदय हे अंतर कापायचं आहे. वजन इथे लांबीच्या वतीने साक्ष देतं, आणि आपल्याकडे ही साक्ष कच्ची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत आपल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होतं, तिथल्यांचं 3.5. पण सगळी मापं सारखी घटलेली नव्हती. पोटाचा घेर फार कमी होता, लांबी त्या मानाने टिकलेली. आता 1.8 किलोची दोन बाळं घ्या, एक अपुऱ्या दिवसांचं, दुसरं पूर्ण दिवसांचं पण पोटात असताना न पोसलेलं. सूत्र दोघांनाही शिरेत 8.2 सेंटिमीटरच सांगतं. दुसरं बाळ बहुधा जास्त लांब असणार, त्याला हा आकडा तोकडा पडू शकतो. उलट दीड किलोच्या आतल्या बाळांत धमनीची नळी या सूत्राने जरा जास्तच खोल जाते, म्हणून 2008 साली त्यांच्यासाठी वजनाची चौपट अधिक सात असा वेगळा हिशेब सुचवला गेला.

यावर कुणी म्हणेल, एक्स-रे काढायचाच असतो, मग एवढी घासाघीस कशाला? कारण बसवताना सगळं निर्जंतुक असतं, नंतर नसतं. जास्त गेलेली नळी मागे ओढता येते. कमी पडलेली पुढे ढकलायची नाही, कारण बाहेर राहिलेल्या भागावरचे जंतू सरळ रक्तात जातील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पुण्याच्या तुलनेतली बाळं पूर्ण दिवसांची होती, काचेतली बरीचशी तशी नसतात. हे कबूल. शिवाय वळवळणाऱ्या बाळाच्या अंगावर टेप धरणं काट्यावर वजन करण्याइतकं बिनचूक होत नाही. म्हणून वजन टाकून द्या असं माझं म्हणणं नाही; टेपही लावा, एवढंच. खांद्यापासून बेंबीपर्यंतचं माप पीटर डन यांनी 1966 मध्येच सुचवलं होतं. अलीकडे बेंबी ते स्तनाग्र या अंतरातून एक सेंटिमीटर वजा करतात, तेही शिरेसाठी. धमनीची नळी आधी खाली कटीत उतरून मग वर वळते, तिला हे माप पुरत नाही. दोन आकडे जुळले तर ठीक. अंतर पडलं तर बाळ रोड आहे का ते पाहून लांबीकडे झुकावं, आणि टोक कुठे आहे ते एक्स-रेत किंवा, यंत्र हाताशी असेल तर, सोनोग्राफीत बघावं.

जन्मताच न रडलेल्या, ठोके मंदावलेल्या बाळाला हे काहीच लागू नाही. तिथे शिरेत दोन ते चार सेंटिमीटर, रक्त सहज मागे येईपर्यंतच नळी घालतात आणि औषध देतात. बाकी वेळी मात्र आकडा कुठल्याही रीतीने काढा, बेंबीवर उरलेल्या नाळेच्या खुंटाची उंची त्यात मिळवावी लागते.