खेळातल्या विटा, मोठ्यांचा छंद

खेळणी मुलांची आणि संग्रह मोठ्यांचे, अशी वाटणी जगाने फार पूर्वीच करून ठेवली आहे. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्या यांचा नाद असलेल्या गृहस्थाकडे लोक आदराने पाहतात; परंतु पन्नाशीला आलेला एखादा वकील रात्रीच्या जेवणानंतर मेजावर रंगीत प्लास्टिकच्या विटा मांडून बसतो असे कळले, की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू आल्यावाचून राहत नाही. तथापि लेगो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या विटांचा आणि त्यांच्याबरोबरच्या चिमुकल्या बाहुल्यांचा छंद आता पोरखेळ म्हणून बाजूला सारण्याजोगा राहिलेला नाही. त्याचा बाजार आहे, त्याची प्रदर्शने भरतात. इतकेच काय, 2024 मध्ये अमेरिकेतील लॉस एंजलिसच्या पोलिसांनी चोरीस गेलेले या खेळण्यांचे दोन हजारांहून अधिक संच एका छाप्यात हस्तगत केले. या छंदात एक प्रश्न असा आहे, की जो तिकिटे किंवा नाणी जमविणाऱ्याला सहसा पडत नाही. विकत आणलेली पेटी उघडावी, की आहे तशी मिटूनच ठेवावी?

प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी आधी ती वीट नीट पाहिली पाहिजे. डेन्मार्कमधील बिलुन्ड या लहानशा गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाचे एक सुतार राहत असत. जागतिक मंदीत हातची बांधकामे गेली, तेव्हा 1932 मध्ये त्यांनी लाकडी खेळणी करावयास घेतली. 1934 मध्ये त्यांनी आपल्या धंद्याला ‘लेगो’ हे नाव दिले. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची ती जोडणी होय. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्यांनी प्लास्टिक ओतण्याचे यंत्र घेतले आणि 1949 पासून एकमेकींवर बसणाऱ्या पोकळ विटा काढण्यास प्रारंभ केला. कल्पना मूळची त्यांची नव्हे. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांनी ‘किडिक्राफ्ट’ या नावाने तशा विटा आधीच विक्रीला आणल्या होत्या. शिवाय या पहिल्या विटांत एक मोठी उणीव होती. त्या एकमेकींवर बसत, पण एकमेकींना धरून राहत नसत. रचलेले घर उचलू गेले की ते हातात सुटून येई.

ही उणीव ओले किर्क यांचे पुत्र गोटफ्रेड यांच्या काळात दूर झाली. विटेच्या माथ्यावर गोल गुंड्या होत्याच. आता तिच्या पोटात पोकळ नळ्या बसविण्यात आल्या. खालच्या विटेची गुंडी वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्या पकडीत सापडते, घर्षणाने वीट पक्की बसते, आणि तरीही लहान मुलाच्या हाताने ओढली तर सुटते. धरणे आणि सोडणे या दोन परस्परविरोधी गुणांचा असा मेळ बसविणे सोपे नव्हते. 28 जानेवारी 1958 रोजी या रचनेच्या पेटंटासाठी अर्ज करण्यात आला, आणि त्याच वर्षी ओले किर्क यांचे निधन झाले. पुढे 1963 पासून ए.बी.एस. हे अधिक कणखर व रंग टिकविणारे प्लास्टिक वापरात आले.

विटेची खरी थोरवी मात्र तिच्या न बदललेल्या मापात आहे. दोन गुंड्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 मिलिमीटर, मुख्य विटेची ही मापे तेव्हा ठरली ती आजतागायत कायम आहेत. त्यामुळे 1958 सालची वीट आज कारखान्यातून निघालेल्या विटेवर बसते. आजोबांच्या पेटीतील तुकडा नातवाच्या पेटीत उपरा ठरत नाही. आणि थोड्या विटांतून निघणाऱ्या रचनांचे वैपुल्य तर थक्क करणारे आहे. आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा घेतल्या, तर त्या किती निरनिराळ्या रीतींनी जोडता येतील? कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी या प्रश्नाचे उत्तर काढले : 91,51,03,765. वीट एकटी असताना तिला विशेष अर्थ नाही. दुसरी मिळताच ती बोलू लागते.

विटांच्या या नगरीत माणसे आली ती बरीच उशिरा. 1970 नंतरच्या दशकात काही ओबडधोबड आकृत्या निघाल्या; पण ज्याला संग्राहक ‘मिनिफिगर’ म्हणतात ते हातपाय हलविणारे बाहुले 1978 मध्ये अवतरले. त्याचे शिल्पकार येन्स नायगार्ड क्नुडसेन हे 2020 मध्ये निवर्तले. बाहुल्याची उंची सुमारे चार सेंटिमीटर, म्हणजे चार विटांच्या थराइतकी. मुठी अशा वळविलेल्या की त्यांत तलवार, दांडा, कप असे काहीही अडकविता यावे. पाय असे पोकळ की ते गुंड्यांवर घट्ट उभे राहावेत. चेहरा पिवळा, दोन टिंबांचे डोळे आणि एक स्मित. हा कोणत्याच वंशाचा नव्हे म्हणून सर्वांचा, असा त्या पिवळ्या रंगामागील विचार होता. 1989 मध्ये चाच्यांचे संच निघाले, तेव्हा त्या चेहऱ्यांवर दाढी, मिशी आणि डोळ्यावरची पट्टी आली. 1999 मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील पात्रे आली. आणि 2003 मध्ये बास्केटबॉलपटूंच्या बाहुल्यांबरोबर माणसाच्या कातडीचे खरे रंग आले.

एवढ्याशा बाहुल्याने मोठ्या माणसांना का वेड लावावे, याचे कारण दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या घरांना वेगळे सांगावयास नको. किल्ला कितीही उंच रचला तरी बुरुजावर मावळा बसेपर्यंत तो मातीचा ढीगच असतो. मावळा बसला की त्या ढिगाला माप मिळते, दरवाजाला पहारा मिळतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात गोष्ट सुरू होते. मिनिफिगरचे कार्य नेमके हेच आहे.

कंपनीने ही ओढ ओळखून 2010 मध्ये सोळा निरनिराळ्या बाहुल्यांची एक मालिका काढली, आणि प्रत्येक बाहुला अपारदर्शक पिशवीत घातला. आत कोण आहे हे विकत घेईपर्यंत कळू नये, अशी ती योजना होती. तेव्हा दुकानांतून प्रौढ गिऱ्हाईके पिशव्या बोटांनी चाचपीत उभी राहू लागली. टोपी हाताला लागते की ढाल, यावरून आतल्याची ओळख पटविणे ही एक कलाच होऊन बसली. 2013 मध्ये तर जगभर मिळून अवघे 5,000 सोनेरी बाहुले पिशव्यांत विखरून देण्यात आले. 2023 मध्ये पिशव्यांची जागा पुठ्ठ्याच्या पेट्यांनी घेतली आणि ती बोटांची विद्या संपुष्टात आली. नशिबाचा हा खेळ लहानांना जसा भुलवितो तसाच मोठ्यांनाही, हे त्यातून दिसले. आणि मोठ्यांच्या खिशात पैसा अधिक असतो, हेही.

या मोठ्यांकडे कंपनीचे लक्ष मात्र दीर्घकाळ नव्हते. लहानपणी खेळलेला मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की विटा माळ्यावर टाकतो आणि कित्येक वर्षांनी, बहुधा स्वतःच्या मुलांच्या निमित्ताने, त्यांच्याकडे परततो. मधल्या काळाला या मंडळींच्या बोलीत ‘अंधारयुग’ म्हणतात. परतलेल्या माणसाची दृष्टी मुलापेक्षा तीक्ष्ण असते. कंपनीने 2004 च्या सुमारास करड्या रंगाच्या छटा किंचित बदलल्या, तेव्हा मुलांच्या ते ध्यानातही आले नसेल. प्रौढ संग्राहकांत मात्र संतापाची लाट उसळली. वर्षानुवर्षे जमविलेल्या करड्या विटांशेजारी नवी करडी वीट ठिगळासारखी दिसू लागली होती. मापाची एकनिष्ठता कायम होती, पण रंगाची तुटली होती. संग्राहकाचा विश्वास कशावर उभा असतो, ते या तक्रारीवरून समजते.

नेमक्या त्याच सुमारास कंपनी मोठ्या तोट्यात सापडून बुडण्याच्या बेतास आली होती. 2004 मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी तुकड्यांच्या बेसुमार वाढलेल्या प्रकारांना कात्री लावली, उद्यानांतील मोठा हिस्सा विकला आणि मूळ विटेकडे धंदा परत वळविला. प्रौढ गिऱ्हाइकांचे म्हणणे ऐकणे हाही त्या नव्या धोरणाचा भाग झाला. रसिकांनी सुचविलेल्या रचनेला 10,000 जणांचा पाठिंबा मिळाल्यास कंपनी तिचा विचार करते, अशी पद्धत पुढे रूढ झाली. भूरसायनशास्त्रज्ञ एलन कोइमन यांनी सुचविलेला, तीन स्त्री-शास्त्रज्ञांच्या बाहुल्यांचा संच 2014 मध्ये या वाटेने निघाला आणि थोड्याच दिवसांत संपला. 2017 मध्ये बिलुन्ड येथे उघडलेल्या ‘लेगो हाऊस’ या वास्तूत प्रौढ रसिकांच्या रचनांना खास दालन आहे. आणि 2020 पासून अठरा वर्षांवरील गिऱ्हाइकांसाठी काळ्या पेट्यांतील संच उघडपणे विकले जाऊ लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. कोणताही संच कायम विक्रीत राहत नाही. काही वर्षांनी तो बंद होतो, आणि मग न उघडलेल्या पेटीची किंमत बहुधा चढू लागते. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील दोन संशोधिकांनी 1987 ते 2015 या काळातील संचांच्या किमती तपासून असे दाखविले, की बंद पडलेल्या संचांनी सरासरीने वर्षाला सुमारे 11 टक्के परतावा दिला. हा आकडा वृत्तपत्रांतून गाजला आणि कित्येकांनी घराचे माळे मिटलेल्या पेट्यांनी भरले. पण सरासरी हा शब्द फसवा आहे. त्याच अभ्यासात काही संच कित्येक पटींनी वाढलेले, तर काही निम्म्या किमतीवर आलेले आढळले होते.

या व्यवहारातील धोका कळण्यासाठी आपल्याच ताजमहालाचे उदाहरण पुरेसे आहे. 2008 मध्ये कंपनीने आग्र्याच्या त्या वास्तूची प्रतिकृती काढली. तिच्यात 5,922 तुकडे होते. तोवरच्या सर्व संचांत तो सर्वांत मोठा होता. काही वर्षांनी तो बंद झाला आणि मिटलेल्या पेटीची किंमत मूळ किमतीच्या अनेक पटींवर गेली. ज्यांच्याकडे ती होती त्यांना आपण खजिन्यावर बसलो आहोत असे वाटू लागले. 2017 मध्ये कंपनीने तोच ताजमहाल, एका तुकड्याची भर घालून, 5,923 तुकड्यांचा म्हणून पुन्हा बाजारात आणला. जुन्या पेटीचे दुर्मिळपण एका घोषणेने ओसरले. शहाजहानच्या ताजमहालाला दुसरा ताजमहाल निघण्याची भीती नाही. कारखान्याच्या ताजमहालाला ती कायम आहे. साचा ज्याच्या हाती, त्याच्याच हाती दुर्मिळपणाची किल्ली असते.

शिवाय मिटलेली पेटी ओझे होऊन बसते. पुठ्ठ्याला दमट हवा, वाळवी आणि झुरळ यांचे भय. त्यातून सपाट, कोरड्या जागेचे भाडे. उघडलेल्या विटांचे तसे नाही. त्यांचे शत्रू थोडे आणि ओळखीचे आहेत. ऊन लागले तर पांढऱ्या व निळ्या विटा पिवळट पडतात, म्हणून कपाट खिडकीसमोर नसावे. धूळ मऊ कुंचल्याने काढावी; धुवावयाच्या झाल्यास 40 अंशांहून गरम पाणी वापरू नये. काही वर्षांतील तांबूस तपकिरी रंगाचे तुकडे ठिसूळ निघाले आहेत, ते ओढताना जपावे. रचनेची पुस्तिका आणि बाहुल्यांची लहानसहान आयुधे निराळ्या डबीत ठेवावीत, कारण हरवते ते नेहमी हेच.

नकलेपासूनही सावध राहिले पाहिजे. विटेचे जुने पेटंट कधीच संपले असून, विटेचा आकार हे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असा निर्णय युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला. बाहुल्याच्या आकृतीवरील कंपनीचा हक्क मात्र युरोपीय न्यायपीठाने 2015 मध्ये मान्य केला. म्हणजे वीट कोणीही करावी, बाहुला मात्र करू नये, अशी स्थिती आहे. तरीही नकली बाहुले विपुल आहेत. अस्सल विटेच्या प्रत्येक गुंडीवर कंपनीचे नाव बारीक अक्षरांत उठविलेले असते; जुन्या बाजारात हात घालणाऱ्याने भिंग जवळ ठेवावे. नवख्याने तर सर्वच जमविण्याचा हव्यास धरू नये. रेल्वे, किल्ले, अंतराळ किंवा केवळ 1978 नंतरच्या पहिल्या दहा वर्षांतील बाहुले, असा एखादा विषय निवडला की खर्चाला आणि घरातील जागेला आपोआप मर्यादा पडते.

तिकीट वापरले की त्याचे काम संपते, नाणे चलनातून गेले की ते मुके होते. म्हणून ते जपून ठेवण्यातच शहाणपण असते. विटेचे काम कधीच संपत नाही. ती आज राजवाडा होईल, उद्या आगगाडी, आणि वीस वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या हाती जहाज. 1958 मध्ये ठरलेले ते माप याचसाठी पाळले गेले आहे. मिटलेल्या पेटीचा धनी गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो. उघडलेल्या पेटीच्या धन्याला केवळ मेज मोकळे करावे लागते.