अंगणातली बोट आणि आखातातला मासा

ऑकलंड, न्यूझीलंड

ऑकलंडच्या कुठल्याही उपनगरातून पायी निघालं, तर घराशेजारच्या मोकळ्या पट्टीत, गॅरेजच्या दारात, कधी थेट हिरवळीवर ट्रेलरवर चढवलेली बोट दिसते. वर ताडपत्री, मागे आऊटबोर्ड इंजिन, बाजूला गळाच्या काठ्या खोवायच्या नळ्या. भारतातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, ही श्रीमंतांची वस्ती असावी. तसं काही नसतं. त्या घरात प्लंबर राहतो, शाळेतली शिक्षिका राहते, इस्पितळात रात्रपाळी करणारी नर्स राहते. आपल्याकडे बोट म्हणजे पोट. मिरकरवाड्याला किंवा ससून डॉकला बोट लागते ती धंद्यासाठी. इथे धंद्याच्या बोटींहून कितीतरी जास्त बोटी आठवड्याच्या सुट्टीत घरचं ताट भरण्यासाठी पाण्यात उतरतात, आणि हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं इथला माणूस मनापासून मानतो.

कायदाही बराचसा त्याच्या बाजूने आहे. खासगी बोटीला नोंदणी लागत नाही, ती चालवायला परवाना लागत नाही. समुद्रात गळ टाकायलाही परवाना नाही. तो लागतो गोड्या पाण्यातल्या ट्राउटसाठी. ट्रेलरला मात्र नंबरप्लेट हवी आणि वॉरंट ऑफ फिटनेसही हवं, कारण तो रस्त्यावरून धावतो. बोटीच्या बाबतीत सरकार कागद मागत नाही, जबाबदारी मागतं. बोटीवरच्या प्रत्येकाच्या जिवाला स्किपर कायद्याने उत्तरदायी असतो. किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत आणि दुसऱ्या बोटीच्या किंवा पोहणाऱ्याच्या ५० मीटरच्या आत वेग पाच नॉटच्या वर न्यायचा नाही.

खरी कडक शिस्त आहे ती माशांच्या बाबतीत. हौराकीच्या आखातात सगळ्यांचा लाडका मासा म्हणजे स्नॅपर. रंगाने आपल्या तांबोशीची आठवण करून देणारा, पण कूळ वेगळं. माणशी दिवसाला सात, आणि नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत किमान ३० सेंटिमीटर. मोजपट्टी बोटीतच हवी. मासा लहान निघाला तर हात ओले करून धरायचा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि तिथल्या तिथे सोडायचा. आणि सगळ्यात मोठा नियम: हौशी मासेमाराने पकडलेला मासा विकायचा नाही. पैशासाठी नाही, बदल्यात दुसरं काही घेऊनही नाही. मोठ्या गुन्ह्यात बोट आणि ती ओढणारी गाडी, दोन्ही जप्त होऊ शकतात. मासा पकडायचा हक्क प्रत्येकाला, विकायचा हक्क मात्र व्यापारी कोटा पाळणाऱ्यांनाच, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे रविवारी संध्याकाळी गल्लीत मासे वाटले जातात. मला या देशात शेजार मिळाला तो या वाटपातून.

आमची बोट त्याच शेजारातून आली. कुंपणापलीकडचे गृहस्थ निवृत्त सुतार आहेत. त्यांची पाच मीटरची ॲल्युमिनियमची बोट एकट्याने ओढणं त्यांना जड जाऊ लागलं, तेव्हा अर्धा हिस्सा आम्ही घेतला. त्याला आता बरीच वर्षं झाली. हल तोच आहे, इंजिन एकदा बदललं, ट्रेलरचा बराचसा सांगाडाही बदलला. ॲल्युमिनियमची बोट नीट सांभाळली तर इंजिनाच्या दोन पिढ्या बघते.

सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बोट नाही त्याला सहज कळत नाही. समुद्रात सहा तास घालवले तर घरी आल्यावर दीड-दोन तास बोटीसाठी राखून ठेवावे लागतात. सगळ्यात आधी इंजिन. पाणी ओढायच्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी रबरी कप बसवायचे, त्याला बागेची नळी जोडायची, नळ सोडायचा आणि मगच इंजिन सुरू करायचं. कोरडं फिरवलं तर आतल्या पंपाचं रबरी चाक काही क्षणांत जळतं. थोड्या वेळात इंजिनाच्या अंगातून एक बारीक धार बाहेर पडते. शेजारी त्या धारेखाली हाताचं बोट धरतात. आधी ती गार असते, मग थर्मोस्टॅट उघडला की कोमट होते. कोमट धार लागली म्हणजे गोडं पाणी पार आतपर्यंत पोचलं आणि खार धुतला गेला. धार बारीक झाली, अडखळायला लागली, तर ते रबरी चाक बदलायची वेळ आली.

मग जस्ताचे तुकडे. इंजिनाच्या पायाला आणि हलच्या मागच्या बाजूला ते बोल्टने लावलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यातला एक झिजतो; तो ॲल्युमिनियम नसावा म्हणून जस्त पुढे केलेलं असतं. जस्त अर्धं खाल्लेलं दिसलं की नवं लावायचं. ते अजिबात झिजत नसेल तर उलट चिंता करायची, कारण झीज दुसरीकडे कुठेतरी चालू असते. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये नुसताच पिळला तर त्याच्या भोवती पांढरी भुकटी धरते, रंग फुगतो, आणि खरवडलं की खाली खड्डा निघतो. म्हणून प्रत्येक स्क्रूखाली प्लास्टिकची चकती आणि वर लेप.

ट्रेलरचं दुखणं वेगळं. गाडीमागे वीस किलोमीटर पळून चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तसेच ते रॅम्पवर थंड खाऱ्या पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चार महिन्यांत गंज, मग महामार्गावर धूर. यासाठी रॅम्पवर पोचलं की घाई करायची नाही. चाकं निवेपर्यंत ट्रेलर कोरड्या जागी उभा करून पट्टे सोडायचे, दोर बांधायचे, लाइफ जॅकेट काढून ठेवायची, बोटीच्या तळाच्या भोकाचं बूच घट्ट आहे की नाही ते हाताने तपासायचं. जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, रॅम्पवर रांग लागते. उतारावर गाडी अडवून सामान भरत बसणाऱ्याला लोक रागाने काही बोलत नाहीत, मदतीला पुढे येतात, आणि त्या मदतीतच सगळं बोलणं आलेलं असतं.

या सगळ्याचा, पेट्रोलचा आणि विम्याचा हिशेब मांडला तर दुकानातला मासा नक्कीच स्वस्त. तरी लोक बोट का ठेवतात? मला सापडलेलं उत्तर असं की, बोटीमुळे माणूस पाण्याकडे बघायला शिकतो. उधाण कधी, भांग कधी, वारा ईशान्येचा की नैऋत्येचा, हे इथल्या घरात रोजच्या बोलण्यात येतं. आखात उथळ आहे. पंधरा नॉटचा वारा ओहोटीच्या उलट लागला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि पाच मीटरची बोट पाठीचे मणके मोजून देते. शेजाऱ्यांचा नियम साधा आहे: हवामानाचा अंदाज दोनदा बघायचा आणि मनात शंका आली तर बोट अंगणातच राहू द्यायची.

पूर्वेकडे हे आखात, तर शहराच्या पश्चिमेला टास्मानचा उघडा समुद्र. तिकडच्या मनुकाऊ आणि काइपारा बंदरांच्या तोंडाशी वाळूचे बांध आहेत. त्यावर लाट उठते ती अनुभवी माणसालाही फसवते. नोव्हेंबर २०१६ मध्ये काइपाराच्या बांधावर हौशी मासेमारांना घेऊन परतणारी ‘फ्रान्सी’ ही बोट उलटली आणि अकरापैकी आठ जण दगावले. मार्च २०२२ मध्ये देशाच्या उत्तर टोकाजवळ ‘एन्चँटर’ उलटली, त्यात पाच गेले. ही नावं इथे रॅम्पवर आजही हळू आवाजात घेतली जातात. निघताना रेडिओवरून कोस्टगार्डला आपण कुठे जातोय, बोटीवर किती माणसं आहेत, कधी परतणार हे कळवायचं, आणि परतल्यावर न विसरता तेही कळवायचं. कोस्टगार्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणवेशातलं सरकारी दल येतं. इथलं कोस्टगार्ड मात्र स्वयंसेवकांचं आहे, देणग्यांवर चालतं. रात्री दोन वाजता तुमची बंद पडलेली बोट ओढायला येणारी बाई सकाळी बँकेत कामाला जाणार असते. या देशाबद्दल मला सर्वाधिक आदर कशाचा वाटत असेल, तर या माणसांचा.

आता आखाताविषयी. २००० साली त्याला सागरी उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथे ब्राइड्स देवमासे वर्षभर राहतात. बगळ्यासारखे पांढरे गॅनेट पक्षी उंचावरून पंख मिटून पाण्यात घुसू लागले की खाली माशांचा थवा आहे हे समजायचं आणि बोट तिकडे वळवायची. पण हे वैभव ओसरत चाललंय. इथल्या तळावर एकेकाळी हिरव्या शिंपल्यांचे मैलोन्‌मैल पसरलेले थर होते. विसाव्या शतकात ते लोखंडी फणीने खरवडून नेले, आणि साठच्या दशकापर्यंत धंदा करण्याइतकेही उरले नाहीत. वाइहेके बेटाभोवती काही प्रकारचे शिंपले काढण्यावर न्गाती पाओआ या माओरी जमातीने जानेवारी २०२१ मध्ये ‘राहुई’ घातली, म्हणजे परंपरेची बंदी. सरकारने त्याच वर्षी तिला कायद्याचं पाठबळ दिलं. २०२२ मध्ये आखातातली स्कॅलॉपची मासेमारीही बंद झाली.

स्नॅपरच्या वाटणीवरून तर मोठंच भांडण आहे. पूर्वी माणशी नऊ मासे आणि २७ सेंटिमीटर अशी मर्यादा होती. २०१३ मध्ये ती तीनवर आणायचा प्रस्ताव निघाला, तेव्हा देशभर गहजब झाला आणि एप्रिल २०१४ पासून सात आणि ३० सेंटिमीटरवर तडजोड झाली. हौशी लोकांची तक्रार अशी की, व्यापारी बोटींना २५ सेंटिमीटरचा स्नॅपरही चालतो. तक्रारीत तथ्य आहे. तळ खरवडणारी जाळी आखातातून हद्दपार व्हावीत, असं मलाही वाटतं. पण सगळा दोष मोठ्या बोटींवर ढकलून आपण मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. साठ वर्षं जगू शकणारा हा मासा आहे. त्याला तळातून वर ओढणाऱ्या गळांमध्ये माझाही एक गळ असतो.

एका बाबतीत मात्र हौशी मंडळींनी धडा घालून दिलाय. इथला माणूस माशाच्या दोन्ही बाजूंचे काटेविरहित तुकडे काढतो आणि डोकं, काटे पाण्यात फेकतो. कोकणातल्या माणसाला हे बघवत नाही. डोक्याचं कालवण हेच तर खरं जेवण. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचंही तेच मत. २०१६ मध्ये ‘काइ इका’ हा उपक्रम सुरू झाला. ऑकलंडच्या आऊटबोर्ड बोटिंग क्लबचे सभासद मासे साफ करताना डोकी आणि सांगाडे वेगळ्या थंड पेटीत ठेवतात, आणि ती पेटी मांगेरेच्या पापातुआनुकु कोकिरी मराएवर जाते. मराए म्हणजे माओरींचं सभास्थान. तिथून ती डोकी घरोघर वाटली जातात. एका वस्तीचा कचरा दुसऱ्या वस्तीत सणाचं जेवण होतो, आणि मधे पैसा कुठेच येत नाही. आमच्याकडची डोकी मात्र बाहेर जात नाहीत. त्यांचं कोकम घालून कालवण होतं, आणि शेजारी पहिल्यांदा बिचकले असले तरी आता स्वतःहून विचारतात.

हौशी मासेमारांनी किती मासे मारले याची नोंद इथे सक्तीची नाही. अभ्यासक विमानातून बोटी मोजतात, रॅम्पवर थांबून लोकांच्या पेट्यांतले मासे मोजतात, काही कुटुंबांना वर्षभर प्रश्न विचारतात, आणि त्यावरून अंदाज बांधतात. माझं स्पष्ट मत आहे की ही नोंद सक्तीची व्हावी. जो हक्क आपण जन्मसिद्ध म्हणतो, त्याचा हिशेब द्यायला का कचरावं? रॅम्पवर हे बोललो की लोक तुटून पडतात. आज नोंद मागतील, उद्या परवाना, परवा कर, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यांचंही तेच.

पण त्यांच्याकडे एक वही आहे. बोट घेतली तेव्हापासूनची. निळ्या शाईत तारीख, वारा, भरतीची वेळ, जागा, किती मासे लागले, किती सोडले, सगळ्यात मोठा केवढा. पानं मिठाने कडक झालीत. जुन्या पानांवर बेटांच्या आतल्या खाड्यांची नावं येतात, नव्या पानांवर ती गळतात आणि जागा दूर दूर सरकत जातात. ही वही एखाद्या मत्स्यशास्त्रज्ञाच्या हाती पडायला हवी, असं मी त्यांच्या मागे लागलोय. बरेच दिवस नाही म्हणत होते. गेल्या आठवड्यात कबूल झाले, पण एका अटीवर: आकडे सगळे द्यायचे, तारखा द्यायच्या, फक्त त्यांच्या तीन जागांची नावं आधी काळ्या शाईने खोडून घ्यायची.