झाडाला खिळा, खिळ्याला तार

१९०४ साली कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅटास्कडेरोच्या छावणीत अमेरिकी सैन्याची तारयंत्रं आणि टेलिफोन मुके झाले. जमीन इतकी कोरडी, की ‘अर्थिंग’च मिळेना. मेजर जॉर्ज स्क्वायर यांनी झाडात खिळा ठोकून त्याला तार जोडली आणि यंत्रं चालू लागली.

यात चमत्कार काही नाही. जिवंत खोडातून क्षार विरघळलेलं पाणी मुळांपासून शेंड्याकडे चढत असतं. त्यातून वीज वाहते; तांब्याच्या मानाने फारच रडतखडत, पण वाहते. हाच ओलावा रेडिओच्याही कामी येतो: रेडिओलहर झाडाशी येऊन थडकली, की त्यात अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. म्हणजे उभं झाड ही एक एरियलच, फक्त मिळालेल्या ऊर्जेतली बरीचशी स्वतःच गिळून टाकणारी. वाळक्या लाकडाला हेही जमत नाही. उरलासुरला संदेश कानापर्यंत आणायला व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर यावे लागले. ते आल्यावर, पहिल्या महायुद्धाच्या काळात, स्क्वायर यांनी अमेरिकेतल्या झाडांवर थेट युरोपातल्या केंद्रांचे संदेश ऐकले. (तारेवरून संगीत पोचवणारी आणि पुढे ‘म्यूझॅक’ नावाने गाजलेली कंपनीही स्क्वायर यांच्याच कल्पनेतून उभी राहिली!)

रेडिओ आणि वनस्पती ही जोडी आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगशाळेतही दिसते. १८९५च्या सुमारास कोलकात्यात रेडिओलहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवणारे बोस पुढे वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद मोजू लागले.

ब्रिटिश ध्वनिकलावती मॅग्झ हॉल यांच्या ‘ट्री रेडिओ’त हे दोन्ही धागे एकत्र येतात. २०१५मध्ये त्यांनी यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमधल्या एका झाडाचं चिमुकलं रेडिओ केंद्र केलं. झाडाला लावलेले सेन्सर त्याच्यातले विद्युत चढउतार टिपत, त्यांचं रूपांतर इलेक्ट्रॉनिक आवाजात होई आणि झाडावरचाच छोटा ट्रान्समीटर तो प्रक्षेपित करी. ऐकायचं तर एफएम रेडिओ घेऊन झाडापाशी जावं लागे.

‘झाड गातंय’ असं म्हणायला मात्र मी तयार नाही. वनस्पतींमधले हे विद्युतदाब मिलिव्होल्टमध्ये मोजायचे. त्यांना स्वतःचा आवाज नसतो. कोणत्या चढउताराला कोणता स्वर द्यायचा, हे माणूस ठरवतो. अशा कलाकृतींवर ‘निसर्गाचं संगीत’ असा शिक्का मारला, की मला म्हणूनच खटकतं. पण स्वर माणसाचे असले, तरी ते कधी बदलायचे हे माणसाच्या हातात राहत नाही. प्रकाश बदलला, फांदी हलली, की सेन्सरवरचे आकडे बदलतात आणि संगीतकाराला मुकाट्याने झाडामागे जावं लागतं.