घोरपडीला खायला काय घालावे?

श्रोतेहो, उसाच्या फडात कोयता चालू झाला, की आडोशाला बसलेली घोरपड बाहेर पडते. कधी ती कोरड्या विहिरीत सापडते, कधी तिचे वीतभर पिल्लू बांधावर दिसते. पोरांना वाटते, पाळू या. मग प्रश्न येतो, हिला खायला काय घालायचे? कुणी दूध ठेवतो, कुणी भाकरी कुस्करतो, कुणी मटणाचा तुकडा टाकतो. यातले काय योग्य? खरे सांगायचे, तर एकही नाही.

घोरपड पूर्ण मांसाहारी आहे. पण तिचे मांस म्हणजे आपल्या रश्श्यातले मांस नव्हे. ती चावत बसत नाही. लहान भक्ष्य अख्खेच गिळते. अख्खा उंदीर पोटात गेला, म्हणजे मांसाबरोबर त्याची हाडे, काळीज, आतडी सारे गेले. हाडांतून कॅल्शियम मिळते, काळजातून 'अ' जीवनसत्त्व मिळते. नुसत्या मांसात मात्र कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस 15-20 पट असतो. असे मांस रोज घातले, की शरीर स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढू लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. मुलांचा मुडदूस आपल्याला माहीत आहे, तसाच हा प्रकार समजा. परदेशांत आफ्रिकेतल्या घोरपडी हौसेने पाळतात; तिथेही नुसता खिमा खाऊन त्या अशाच पंगू होतात.

मग नुसते उंदीर घातले तर? तेही बरे नाही बरं का! जागेवर बसून रोज उंदीर खाणारी घोरपड चरबीने फुगते. रानात तिचे ताट भरगच्च असते: भुंगेरे, हुमणीसारख्या अळ्या, नाकतोडे, विंचू, गोगलगाई, खेकडे, बेडूक, अंडी, उंदीर, शिवाय मेलेले जनावरही. पिल्लू मुख्यतः किडे खाते. वाढेल तसे भक्ष्य मोठे होते. खाऊन झाल्यावर ऊन खाणेही तितकेच गरजेचे, कारण अंग तापल्याशिवाय तिला अन्न पचत नाही.

आता सांगा, हे ताट घरात कोण वाढणार? ते बालाघाटच्या डोंगरात आणि आपल्या बांधावरच वाढलेले आहे.

कायदाही हेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिला पकडणे, पाळणे, मारणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान 3 वर्षे, जास्तीत जास्त 7 वर्षे कैद, आणि 25 हजार रुपयांहून कमी नाही इतका दंड.

जखमी घोरपड सापडली तर काय करावे? पहिली गोष्ट, काही खाऊ घालू नका. एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने तिचे बिघडत नाही. तोंडात दूध ओतले, तर ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. कुत्री आणि पोरे दूर ठेवा, सावली करा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यजीवांच्या शुश्रूषेचे केंद्रही आहे.

शेतकरी बंधूंनो, एक विनंती. उंदरांसाठी विष घातले, तर मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. उंदीर अख्खा गिळणारीच्या पोटात त्यातले विषही अख्खेच जाते. तुमची हुमणी आणि उंदीर फुकट खाणारी राखणदार अशी गमावू नका.

आणि गुरुजी, आपण वर्गात फळ्यावर मधोमध घोरपड काढा. तिच्याभोवती काय काय असेल, ते मुलांनाच विचारा. बांधावरची पोरे आहेत ती. फळा भरून जाईल. पाळायची हौस अशी बघण्यात जिरली, तर पिल्लू वाचेल आणि पोरगेही शहाणे होईल.