मोलकरणीच्या नजरेतली अमेरिका

वऱ्हाडाला अमेरिका ठाऊक झाली ती कापसाच्या भावातून. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आमच्या अकोला-अमरावतीकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. अमेरिकेचा इतिहास आपण आजही तसाच वाचतो. युद्धे, अध्यक्ष, भाव. तिथले स्वयंपाकघर आतून पाहिलेली एक मराठी बाई मात्र त्यात कुठे दिसत नाही.

पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) देवरुखच्या. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा. थोरली बहीण बाया म्हणजे महर्षी कर्व्यांची पत्नी. तिच्या आधाराने त्या पुण्यात शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. केशवपन झालेली बाई सभेत बोलते, याचेच तेव्हा लोकांना अप्रूप! पुढे त्यांनी विचारपूर्वक केस राखले.

१९१८ मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी निधी मिळवावा म्हणून त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. त्यांच्यावर पुस्तके आहेत, नाटक आहे. पार्वतीबाईंजवळ ना पदवी होती ना भाषा. त्यांनी परक्या घरांत मोलकरणीचे काम धरले.

इंग्रजी न येणाऱ्या प्रौढ परदेशी बाईला काम मिळाले कसे? उत्तर महायुद्धात आहे. १९१४ साली अमेरिकेत १२ लाखांवर परदेशी लोक आले होते. १९१८ साली जेमतेम १ लाख १० हजार. युरोपातून येणाऱ्या मोलकरणींचा ओघ आटला. इथल्या मुली युद्धसामग्रीच्या कारखान्यांत शिरल्या. दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी काही जागा भरल्या, तरी गृहिणींची तक्रार एकच : माणूस मिळत नाही.

गंमत अशी, की याच देशाने १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुरांना दार बंद केले होते. विद्यार्थी व प्रवासी तेवढे सुटले. एप्रिल १९१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात गदर चळवळीतल्या हिंदी लोकांना शिक्षा झाल्या. हिंदी पुरुष संशयित, हिंदी बाई भांडी घासायला चालते! सोवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण विधवेने मांस शिजणाऱ्या घरांत हे काम करावे, ही गोष्ट मला त्या खटल्याइतकीच मोठी वाटते. आपल्या वाड्यांतून मोलकरणीला उंबऱ्याबाहेर पाणी देणारे लोक मी पाहिले आहेत.

१९२० मध्ये त्या परतल्या. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकन स्त्रियांना घटनेने मताधिकार मिळाला. हिंगण्याला पार्वतीबाईंनी पुन्हा आश्रमाचे काम हाती घेतले. १९२८ मध्ये त्यांची ‘माझी कहाणी’ निघाली आणि दोनच वर्षांनी जस्टिन अॅबट यांनी ती इंग्रजीत नेली.